तात्या, तो तुरा खातात, पण तो आपला ऊस नाही

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीने ऑकलंडहून घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. तिच्या घराजवळ फिजीतल्या भारतीय लोकांचं किराणा दुकान आहे, तिथल्या फडताळावर एक डबा होता, त्यावर लिहिलेलं 'दुरुका' आणि चित्रात उसाच्या शेंड्यासारखं काहीतरी सोललेलं. तिने दुकानातल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, ऊसासारख्या झाडाचं फूल आहे, नारळाच्या दुधात कर, छान लागतं. झालं, आमच्या ग्रुपवर दोन दिवस हाच विषय. तात्या (माझे थोरले काका, शिरोळ तालुक्यात चाळीसेक वर्षं ऊस करतायत) म्हणाले, अगं तुरा (उसाचा फुलोरा) आला की आमच्या पोटात गोळा येतो आणि तिकडं लोक तो डब्यात भरून विकतात होय? दुसऱ्या एकाने लिहिलं की हे नक्की जीएम बीएम (प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं) असणार. तिसऱ्याला वाटलं कोवळ्या बांबूचाच प्रकार.

तेव्हाच ठरवलं की हे एकदा नीट लिहून काढायचं, कारण यात ऊस, गवत, फूल, बेणं (लावायच्या कांड्या), जहाजं, रोग असं बरंच काही एकात एक गुंतलंय आणि आपण ऊसवाली माणसं असूनही उसाच्या या सख्ख्या भावंडाबद्दल आपल्याला कुणी कधी सांगितलेलंच नाही.

आधी हे की ऊस म्हणजे गवतच

हे सगळ्यांना माहीत असतं पण डोक्यात राहत नाही. ज्वारी, बाजरी, भात, गहू, मका, बांबू, ऊस ही सगळी गवताच्या एकाच मोठ्या कुळातली. गवतातलं आपण काय खातो ते बघा, बहुतेक वेळा दाणा. उसात खोडातला रस. बांबूत जमिनीतून नुकता वर आलेला कोंब, ज्याला कोकणात वास्ते म्हणतात. बेबी कॉर्नमध्ये दाणा भरायच्या आधीचं कोवळं कणीस. म्हणजे एकाच कुळातल्या झाडांचं कुणाचं खोड, कुणाचा कोंब, कुणाचा दाणा असं माणसाने निवडून घेतलंय.

दुरुका हे असंच एक उंच गवत, दिसायला उसासारखंच, माणसाच्या डोक्याच्या वर जाणारं. शास्त्रीय नाव सॅकरम एड्यूल. यातलं 'सॅकरम' म्हणजे उसाचं घराणं आणि लॅटिनमध्ये 'एड्यूल' म्हणजे खाण्याजोगं. आपल्या मूळ जाड, रसाळ उसाचं नाव सॅकरम ऑफिसिनॅरम, म्हणजे औषधाच्या दुकानातला ऊस, कारण युरोपात साखर आधी औषधवाल्याकडे मिळायची. आडनाव एक, नाव वेगळं, चुलत नाही तर जवळजवळ सख्खं नातं. शास्त्रीय नावं इथेच संपली, आता पुढे दुरुकाच म्हणू.

हे झाड न्यू गिनी बेटाच्या भागातलं आणि आजही मुख्यतः तिथेच आणि आजूबाजूच्या बेटांवर लावतात. पापुआ न्यू गिनीत त्याला पिटपिट म्हणतात, वानुआतूत नाविसो, फिजीत दुरुका, इंडोनेशियात तेरुबुक किंवा तेबू तेलूर. 'तेबू' म्हणजे ऊस आणि 'तेलूर' म्हणजे अंडं, म्हणजे अंडंवाला ऊस. मालुकू बेटांवर सायूर लिलिन, म्हणजे मेणबत्तीची भाजी. इंग्रजीत लोक फिजी ॲस्परॅगस म्हणतात पण त्या नावाने फसू नका, ॲस्परॅगस म्हणजे आपल्या शतावरीच्या घरातलं, त्याचा गवताशी काही संबंध नाही.

पोटरीत येतं, पण निसवत नाही

आता मुख्य गोष्ट. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, ज्वारीचं कणीस बाहेर पडायच्या आधी काही दिवस वरच्या पानाच्या वेष्टणात लपलेलं असतं, तो भाग फुगीर दिसतो, त्याला शेतकरी 'पोटरीत आली' म्हणतात. मग कणीस वेष्टण सोडून बाहेर येतं, त्याला 'निसवली' म्हणतात. उसातही हेच होतं. शेंड्याला जो वाढीचा कोंब असतो तो इतके महिने एकामागून एक पानं आणि कांड्या काढत असतो, एक दिवस तो पानं काढायचं थांबवून तुरा बनवायला घेतो, तो तुरा पानांच्या गुंडाळीत पोटरीत वाढतो आणि मग रुपेरी पिसासारखा वर निसवतो. ऑक्टोबर नोव्हेंबरमध्ये सांगली कोल्हापूरच्या रस्त्याने गेलात की दिसतो तो.

दुरुका पोटरीत येतं आणि तिथेच थांबतं.

तुरा तयार व्हायला सुरुवात होते, त्याच्या फांद्या फुटतात, फांद्यांना अजून फांद्या, पण फुलं धड पूर्ण होत नाहीत, तुरा बाहेर पडत नाही, आणि सगळा माल पानांच्या गुंडाळीत दाटीवाटीने बसून राहतो. ती गुंडाळी तोडायची, मक्याच्या कणसासारखी सोलायची, आत पांढरट पिवळसर, मऊ, बारीक रवाळ गाभा निघतो. हीच भाजी. खाल्लेले लोक सांगतात की तो दाताखाली माशाच्या अंड्यांसारखा लागतो. आपल्याकडे गाबोळी खाणाऱ्यांना हे लगेच कळेल, आणि इंडोनेशियातल्या 'अंडंवाला ऊस' या नावाचा अर्थही तिथेच लागतो. गंमत म्हणजे तिकडे तेरुबुक नावाचा एक मासाही आहे, बंगालातल्या हिल्साचा नातेवाईक, आणि तो त्याच्या गाबोळीसाठीच नावाजलेला आहे.

ज्यांना अजून विचित्र वाटतंय त्यांनी घरातला फ्लॉवर डोळ्यासमोर आणा. आपण त्या भाजीला नावच फ्लॉवर दिलंय आणि तरी विसरतो की तो न उमललेला, अर्ध्यात अडकलेला फुलोरा आहे. कोबीच्या घराण्यातल्या एका झाडात फुलोऱ्याच्या फांद्या फुटत राहिल्या, फुलं मात्र झाली नाहीत, त्याचा गड्डा झाला, आणि माणसाने तो जपला. दुरुका म्हणजे उसाच्या घराण्यातला फ्लॉवर. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी अर्धा लेख झाला.

मग तात्यांच्या पोटात गोळा का येतो

कारण तात्यांना फूल नको, साखर हवी. तुरा आला म्हणजे त्या उसाची उंची वाढणं संपलं, कारण वाढणारा कोंबच तुऱ्यात खर्ची पडला. पहिले काही आठवडे साखरेला फार धक्का लागत नाही, पण ऊस तसाच उभा राहिला तर कांड्यांवरच्या डोळ्यांना पांगशा (बाजूचे फुटवे) फुटतात, वरच्या कांड्या आतून पोकळ पडायला लागतात, रस कमी होतो, वजन घटतं, रिकव्हरी (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) उतरते. म्हणून सांगतात की तुरा आल्यावर दीड दोन महिन्यांत तोड व्हायला हवी. आणि तोड वेळेवर मिळणं हे शेतकऱ्याच्या हातात किती असतं ते ऊस केलेल्या घराला वेगळं सांगायला नको, ऊसतोड टोळीची वाट बघत तुऱ्यातला ऊस वाळताना बघणं काय असतं ते मी लहानपणापासून बघितलंय.

तुरा येतो कशाने, यावर पारावर बरीच मतं ऐकू येतात, पाणी जास्त झालं, खत कमी झालं, बेणं जुनं. त्यात थोडं थोडं तथ्य आहे पण मूळ घड्याळ वेगळंच आहे, ते म्हणजे दिवसाची लांबी. पावसाळ्याच्या उत्तरार्धात दिवस आखडत आखडत साडेबारा तासांच्या आसपास येतो तेव्हा उसाची पानं ते मोजतात आणि शेंड्याला निरोप देतात. तेव्हा रात्री उबदार असतील, पाणी भरपूर असेल आणि ऊस पुरेसा वाढलेला असेल तर तुऱ्याची तयारी सुरू. आपल्याकडे हे ऑगस्टच्या शेवटी सप्टेंबरात होतं आणि तुरा दिसतो दोन अडीच महिन्यांनी, म्हणून शेतकऱ्याला कळतं तोवर निर्णय कधीच झालेला असतो. व्हरायटीप्रमाणेही फरक पडतो, काहींना भरपूर येतो, काहींना उशिरा आणि तुरळक.

आता नकाशा बघा. कोल्हापूर सांगली विषुववृत्ताच्या वर साधारण १७ अंशांवर, फिजीची मोठी बेटं विषुववृत्ताच्या खाली साधारण १७, १८ अंशांवर. म्हणजे दिवसरात्रीचं गणित तेच, फक्त आरशात पाहिल्यासारखं उलटं. आपल्याकडे ऑगस्टअखेर जो साडेबारा तासांचा दिवस येतो तो त्यांच्याकडे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात येतो. आणि दुरुका बाजारात कधी येतं तर साधारण एप्रिल मे. तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, घड्याळ एकच आहे म्हणायचं.

मग आपलाच तुरा पोटरीत असताना काढून खाल्ला तर?

हा प्रश्न ग्रुपवर तीन जणांनी विचारला. नाही, तसं होत नाही. आपल्या उसाचा तुरा लांब, विरळ आणि केसाळ असतो, पोटरीतही तो दाट गाभा बनत नाही, सोलाल तर हाताला दोरे आणि रेशीम लागेल. शिवाय एका तुऱ्यासाठी अख्खा ऊस मोडावा लागेल, जो कारखान्याला घालून पैसे मिळतात. दुरुकात हजारो वर्षं माणसांनी निवड केली ती या गाभ्यासाठी, तिकडे ऊस निवडला तो गोडीसाठी. दुरुकाचं खोड चावलंत तर उसाची गोडी मिळणार नाही.

हा रोग आहे का, की जीएम?

दोन्ही नाही. रोगाची शंका मात्र अगदीच चुकीची नाही, कारण गवतात असं होतं. आपल्या उसाला काणी पडते, शेंड्यातून काळा चाबूक निघतो, ती बुरशी असते. चीन तैवानकडे पाण्यात वाढणाऱ्या एका रानभाताला काणीच्याच जातीची बुरशी मुद्दाम होऊ देतात, तिच्यामुळे खोड फुगतं आणि ते फुगलेलं खोड भाजी म्हणून खातात, तिथे बुरशी नसेल तर भाजीच नाही. पण दुरुकात बुरशी नाही, तो झाडाचाच स्वभाव आहे, पिढ्यानपिढ्या तसाच येणारा. आणि जीएम हे प्रयोगशाळेतलं तंत्र काही दशकांपूर्वीचं, न्यू गिनीतल्या बागांमध्ये ही भाजी त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. बहुधा कुणाला तरी रानटी उसाच्या गर्दीत एक झाड असं दिसलं की ज्याचा तुरा बाहेरच येत नाही, त्याने किंवा तिने तो सोलून भाजून बघितला, आवडला, आणि त्याच झाडाची कांडी परसात नेऊन लावली. न्यू गिनीत बागेचं बरंचसं काम बायका करतात, त्यामुळे मला मनातून वाटतं ती बाईच असणार.

फूलच पूर्ण होत नाही तर बी कुठून येतं?

बी येतच नाही. कांडी लावायची, बस. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, आपणही ऊस टिपरीनेच लावतो, एक डोळा, दोन डोळे, तीन डोळे. केळी तशीच, मुनव्यावर (बुंध्याशी फुटणाऱ्या पिलावर) चालते. फरक एवढाच की उसाला संधी मिळाली तर बी धरता येतं, दुरुकाला तो रस्ताच नाही. याचा अर्थ असा की आज फिजीत, जावात, न्यू गिनीत जिथे म्हणून दुरुकाचं झाड उभं आहे तिथे ते कुणाच्या तरी हाताने लावलेलं आहे आणि त्याआधी आणखी कुणाच्या तरी, अशी ती साखळी मागे मागे थेट पहिल्या झाडापर्यंत जाते. मधे कुठे एका पिढीने लावायचं सोडलं तर त्या गावातला तो प्रकार गेला, जमिनीत पडलेलं बी उगवून परत येईल अशी आशा नाही. मला हे लिहिताना आजीने सांभाळलेल्या घेवड्याच्या वेलाची आठवण येते, पण घेवड्याचं बी निदान डब्यात ठेवता यायचं, याचं तेही नाही.

आणि हे पीक कुणी मोठ्या शेतात एकरांनी लावत नाही. न्यू गिनीत बागेच्या कडेने, अळू, केळी, रताळ्यांच्या सोबतीने. पश्चिम जावात भातखाचराच्या बांधावर. म्हणजे कडेचं, बायकांच्या नजरेखालचं पीक, जे सरकारी आकड्यांत नीट येत नाही आणि म्हणून कुणाला महत्त्वाचं वाटत नाही.

खातात कसं

न्यू गिनीत गुंडाळीसकट निखाऱ्यावर भाजतात, पानांचं वेष्टण करपतं आणि आत गाभा वाफेवर शिजतो, अगदी मक्याच्या कणसासारखं. किंवा जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर बाकीच्या कंदांबरोबर शिजवतात, आपल्या पोपटीशी नातं सांगणारा प्रकार. फिजीत नारळाच्या दुधात, त्याला तिकडे 'लोलो' म्हणतात. इंडोनेशियातही नारळाच्या दुधातल्या पातळ भाजीत. हंगाम छोटा असतो म्हणून फिजीत रस्त्याच्या कडेला जुड्या बांधून विकायला बसतात, आणि परदेशी गेलेल्या फिजीकरांसाठी डब्यात किंवा फ्रोझन करून पाठवतात, तोच डबा माझ्या बहिणीला दिसला.

बहिणीने शेवटी आणला. तिने कांदा, हळद, थोडी मोहरी, नारळाचं दूध असं आपल्या पद्धतीने केलं आणि ग्रुपवर लिहिलं की चव फार तीव्र नाही, भाजी रस्सा शोषून घेते, आणि मुलीने दोनदा वाढून घेतलं.

फिजीत भारतीय दुकानात हे कसं पोचलं

त्याचं उत्तरही ऊसच. इंग्रजांनी फिजी ताब्यात घेतल्यावर तिथे उसाचे मळे उभे केले आणि कामाला १८७९ ते १९१६ या काळात भारतातून साधारण ६०,००० माणसं करारावर नेली. त्या 'ॲग्रीमेंट'चं बोलण्यात गिरमिट झालं आणि ती माणसं गिरमिटिया. जहाजं कलकत्ता आणि मद्रासहून सुटायची, बहुतेक माणसं आजच्या उत्तर प्रदेश, बिहार आणि दक्षिणेतल्या जिल्ह्यांतली. पाच वर्षांचा करार, मळ्यातलं राबणं, लाइनीतल्या खोल्या, त्यातल्या कितीतरी जणांना परतीचं गाव पुन्हा दिसलंच नाही. त्यांनी दिवसभर गोरा साहेब सांगेल तो ऊस तोडला आणि चुलीवर स्थानिक फिजी लोकांकडून शिकलेली उसाच्या भावंडाची भाजी मसाला घालून शिजवली. आज फिजीतल्या भारतीय घरात दुरुकाची करी ही त्यांची स्वतःची, घरची चीज आहे.

मला या डब्याबद्दल जे वाटलं ते मुख्यतः या कारणाने. साखरेने माणसांना कुठून कुठे नेलं त्याचा हिशोब आपण टनांत मांडतो, आणि त्याच माणसांनी तिथे आपलीशी केलेली एक भाजी आपल्याला दीडशे वर्षांनी किराणा दुकानात भेटते.

महाराष्ट्राचा याच्याशी संबंध काय

आपण जो ऊस लावतो तो शुद्ध कुणाचाच नाही, मिश्र आहे. गोड जाड ऊस मुळात न्यू गिनीकडचाच, तो माणसांबरोबर बेटं ओलांडत आशियात पसरला. आपल्याकडचा जुना पुंड्या ऊस त्याच जाड, मऊ, चघळायला गोड प्रकारातला. पण तो नाजूक. म्हणून १९१२ साली कोईमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झालं आणि तिथे बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी गोड उसाचा संकर नदीकाठच्या रानटी कास गवताशी केला, त्यातून १९१८ साली 'को २०५' हा वाण आला. नावातला 'को' म्हणजे कोईमतूर, आपल्या को ८६०३२ या वाणातलाही तोच. म्हणजे आपल्या फडातल्या प्रत्येक उसात थोडं कास गवत आहे, तग धरण्यापुरतं.

आणि संकर करायचा तर काय लागतं? तुरा. शेतकऱ्याला नको असलेला तुरा पैदास करणाऱ्याला हवाच असतो, त्याशिवाय नवीन व्हरायटी होऊच शकत नाही. म्हणून तर वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने आपलं पैदास केंद्र सिंधुदुर्गात आंबोलीला केलं, तिथल्या दमट हवेत उसाला तुरा छान येतो.

कोईमतूरच्या संस्थेचं केरळात कण्णूरला एक केंद्र आहे, तिथे उसाच्या घराण्यातले जगभरचे प्रकार जिवंत लावून सांभाळलेत, त्यात दुरुकाही आहे. उद्या नवीन रोग आला, पाणी कमी पडलं तर पैदास करणाऱ्यांना याच घराण्यात शोधावं लागणार आहे. दुरुका स्वतः फूल पूर्ण करत नसल्याने संकराला अवघड, पण तुरा पोटरीत थांबतो कसा हे त्याच्याकडून कळलं तर तुरा थांबवण्याचा विचार करणाऱ्यांना ते किती उपयोगी पडेल याचा अंदाज कुठल्याही ऊस उत्पादकाला येईल.

एक कांडी बॅगेत घालून आणली तर?

तात्यांनीच विचारलं, आणि मनापासून विचारलं, त्यांना बांधावर लावून बघायचं होतं. कृपा करून आणू नका. उसाला 'फिजी रोग' नावाचा एक विषाणूचा रोग आहे, नावच तिथून पडलेलं, पानांच्या मागच्या बाजूला शिरांवर गाठी येतात आणि ऊस खुरटतो, तुडतुड्यासारखी एक कीड तो पसरवते. दुरुका उसाचं इतकं जवळचं की उसाचे रोग त्यालाही लागू शकतात, आणि वरून निरोगी दिसणाऱ्या कांडीतून विषाणू येऊ शकतो. एका भाजीच्या हौसेपायी शिरोळ, वाळवा, कागलचा ऊस पणाला लावायचा नाही. भारतात बाहेरून रोपं, बेणं आणायला २००३ चा क्वारंटाइनचा आदेश आहे, परवाना आणि तपासणीशिवाय आणता येत नाही, आणि उसाच्या बाबतीत तो नियम काटेकोर असण्याला कारण आहे. डबाबंद, शिजवलेलं दुरुका ही वेगळी गोष्ट, त्यातून काही उगवत नाही.

तात्यांना ते पटलं. बहीण डिसेंबरात येतेय, दोन डबे आणणार आहे, तेव्हा फडात तुरे आलेले असतील.